नकाशात नसलेलं झाड : एका जलमार्गावरच्या अपघाताचं प्रकरण

हे प्रकरण चार माणसांचं, तीन होड्यांचं आणि साधारण सहा मिनिटांचं आहे. कुणाचा जीव गेला नाही. त्या दिवशी पुढच्या कयाकमध्ये, म्हणजे वरून बंद असलेल्या अरुंद होडीत, मी होतो आणि सहलीची जबाबदारीही माझ्याकडेच होती. म्हणून काय चुकलं ते सांगायचं काम माझं.

नोंदवलेल्या जलमार्गाचा १९ किलोमीटरचा टप्पा एका दिवसात करायचा, असं ठरलं होतं. जलमार्ग म्हणजे कुणी बांधून दिलेला रस्ता नव्हे. नदी तीच असते. पाण्यात उतरायच्या आणि बाहेर पडायच्या जागा, त्यांमधली अंतरं, होडी उचलून न्यायच्या पायवाटा, बंधारे आणि पूल एवढं कुणीतरी नीट नोंदवून ठेवलेलं असतं. अमेरिकेतला ११९० किलोमीटरचा नॉर्दर्न फॉरेस्ट कॅनू ट्रेल असो की दोन गावांमधला छोटा टप्पा, नकाशात येतं ते जागा न सोडणारं. बाकीचं नदी रोज नव्याने मांडते. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर मी हेच उत्तर दिलं असतं. पण पाण्यात उतरल्यावर तसा वागलो नाही.

सर्वांत पुढे मी, एकट्याच्या कयाकमध्ये. मधे दोघांची कॅनू, म्हणजे वरून उघडी होडी, तिच्यात मागे माझा मित्र आणि पुढे त्याची धाकटी बहीण. शेवटी दुसऱ्या कयाकमध्ये आमची एक मैत्रीण, चौघांत सर्वांत अनुभवी. पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी तिच्याकडे होती. भाऊ तीनेक वर्षं होडी चालवत होता. बहिणीची वाहत्या पाण्यातली ही दुसरी खेप.

उतरायच्या घाटावर पाणी मोजायची पट्टी आहे. मार्गाच्या माहितीपत्रकात नवख्यांसाठी ०.६ ते १ मीटर पातळी योग्य म्हटलेली. त्या सकाळी पट्टीवर १.२५ मीटर होतं. दोन दिवसांपूर्वी वरच्या खोऱ्यात पाऊस झाला होता आणि पाणी आता उतरत होतं. आम्ही पाच मिनिटं बोललो. मी म्हणालो, "पाणी उतरतंच आहे, आणि टप्पा पहिल्या श्रेणीचा आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींनी आमची दिशाभूल केली. नदीच्या अवघडपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजमापात सहा श्रेणी आहेत. पहिली म्हणजे वाहतं पाणी, लहान लाटा, क्वचित अडथळा. पण श्रेणी ठरते ती नेहमीच्या पातळीला. पाणी वाढलं की तोच टप्पा वेगळा वागतो. शिवाय परवाच्या पुरात पडलेलं झाड कुठल्याच श्रेणीत मोजलेलं नसतं. उतरतं पाणी म्हणजे सुरक्षित पाणी हेही खरं नाही. चढत्या पाण्यात वाहून आलेलं लाकूड आणि कोसळलेले काठ उतरत्या पाण्यात जागोजागी अडकून बसतात.

सव्वानऊला निघालो. सातव्या किलोमीटरवरच्या बंधाऱ्याशी दहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. माहितीपत्रकात या अंतराला दोन तास दिलेले. आम्हाला पासष्ट मिनिटं लागली. सगळ्यांना त्याचा आनंद झाला. खरं तर तो त्या दिवसाचा सर्वांत स्पष्ट इशारा होता. आम्ही जोरात वल्हवत नव्हतो, म्हणजे नदीच आम्हाला ओढून नेत होती.

बंधाऱ्यावर मात्र आम्ही सगळं नीट केलं, आणि या प्रकरणात ते सांगणं गरजेचं आहे. ठेंगणा बंधारा वरच्या बाजूने जवळजवळ दिसतच नाही. पाणी काचेसारखं सपाट पुढे जातं, एका आडव्या रेषेशी संपतं आणि पलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसतात. खाली पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येतं आणि त्यातलं बरंचसं मागे भिंतीकडेच वळतं. माणूस, होडी, ओंडका, जे त्यात सापडेल ते तिथेच गोल फिरत राहतं. मीटरभर उंचीच्या बंधाऱ्यानेही पट्टीच्या पोहणाऱ्यांचे जीव घेतले आहेत. आमच्या नकाशावर त्याच्या आधी लाल खूण होती. आम्ही दोनशे मीटर आधीच डाव्या काठाला लागलो आणि होड्या पायवाटेने उचलून नेल्या. पलीकडे पुन्हा उतरण्याआधी मैत्रिणीने सगळ्यांच्या जीवरक्षक जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. पाऊण तास गेला, पण कुणी कुरकुरलं नाही.

नकाशाने थांबा म्हटलं तिथे आम्ही थांबलो. पुढच्या चार किलोमीटरांत नकाशावर काहीच खूण नव्हती आणि तिथे आम्ही एकदाही थांबलो नाही. खूण नाही याचा अर्थ माझ्या मनाने धोका नाही असा लावला. बाकी चुका त्याच्या मागून आल्या.

वळण

अकरावा किलोमीटर. नदी इथे डावीकडे वळते. रुंदी तीसेक मीटर. आत, डाव्या बाजूला, वाळूचा उथळ पट्टा. बाहेर, उजव्या बाजूला, मातीचा उभा काठ आणि त्यावर मोठी झाडं. वळणाआधी पलीकडचं काही दिसत नाही.

वाहत्या नदीचं कोणतंही वळण घ्या, वेगाची धार बाहेरच्या काठाला लागते. तीच धार काठाच्या पायातली माती काढून नेते आणि वरच्या झाडाचा आधार सुटतो. झाड पडतं ते नेमकं त्या धारेत, जी आपल्या होडीलाही तिकडेच घेऊन जात असते. म्हणजे नदीत झाड आडवं असण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथेच न वल्हवता आपण आपोआप पोहोचतो. पाण्यात पडलेल्या अशा झाडाला नदीवरची माणसं स्ट्रेनर म्हणतात, म्हणजे गाळणी. पाणी फांद्यांमधून निघून जातं, होडी आणि माणूस मात्र अडकतात. खडकाला धडकून परतणारं पाणी खडकापुढे एक उशी तयार करतं आणि ती होडीला थोडी बाजूला ढकलते. गाळणीपुढे तशी उशी नसते. पाणी सरळ आरपार जातं आणि आपल्याला सोबत ओढतं.

मी वळणावर आलो आणि झाड दिसलं. उजव्या काठावरून आडवं पडलेलं, नदीची जवळजवळ निम्मी रुंदी व्यापलेलं. पानं अजून हिरवी होती. माझी कयाक हलकी, मी डाव्या बाजूला धरूनच होतो. चार-पाच जोरदार फटके मारले आणि वाळूच्या पट्ट्याजवळून निसटलो. दोन्ही हात वल्ह्यावर होते. शिट्टी जॅकेटला छातीवर अडकवलेली होती, ओठांपासून वीतभर अंतरावर. मी ती वाजवली नाही. आधी निसटू, मग कुठेतरी थांबून खूण करू, असा विचार केला. थांबता आलं ते ऐंशी मीटर खाली. तोवर कॅनू वळणावर आली होती.

चोवीस सेकंद

नंतर मी त्या जागी काठावरून काडी टाकून वेग मोजला. वीस मीटर जायला काडीला बारा सेकंद लागली, म्हणजे ताशी सहा किलोमीटर. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नेहमीच्या पातळीला या वळणावर धार सेकंदाला सुमारे एक मीटर असते. त्या दिवशी ती १.६७ मीटर होती. वेग पावणेदोनपटीहूनही कमी वाढला, पण अडकलेल्या होडीवरचा दाब जवळजवळ तिप्पट झाला.

कॅनूतून झाड दिसलं ते साधारण चाळीस मीटरांवरून. पुढे वल्हवत राहिलं असतं तर प्रवाहाचा वेग आणि होडीचा स्वतःचा वेग मिळून चौदा सेकंदांत झाड. वल्हवणं थांबवून नुसतं वाहत गेलं तर चोवीस. आणि मागचं टोक वाळूच्या पट्ट्याकडे तिरकं करून दोघांनी मिळून उलटं वल्हवलं असतं तर वेळ आणखी वाढला असता. प्रवाहच तिरक्या होडीला बाजूला सरकवतो. त्यांना आठेक मीटर डावीकडे सरकायचं होतं. माझ्या हिशोबाने तेराएक सेकंद पुरली असती. म्हणजे सुटका शक्य होती. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. कागदावर हिशोब करताना हात कोरडे असतात.

झालं ते असं. बहीण पुढे बसलेली, तिला झाड आधी दिसलं. ती ओरडली, "दादा, उजवीकडे झाड!" पाण्याचा खळाळ मोठा होता. मागे भावाला ऐकू आलं फक्त, "दादा, उजवीकडे!" त्याने होडी उजवीकडे ओढली.

यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. नदीवर हाताची खूण असो की तोंडाचा शब्द, धोका कुठे आहे ते सांगायचं नसतं. वाट कुठे आहे ते सांगायचं. "डावीकडे" एवढा एकच शब्द. तो अर्धा ऐकू आला तरी उलटा अर्थ निघत नाही. वल्ह्याने खूण करतानाही तसंच: ज्या बाजूने जायचं त्या बाजूला वल्हं तिरकं, थांबायचं तर डोक्यावर आडवं, सरळ या म्हणायचं तर उभं. हे नियम मला पाठ होते, मैत्रिणीला पाठ होते. निघताना घाटावर बहिणीला कुणी सांगितले नव्हते. तिला पुढे कुणी बसवलं? मी. पुढून नदी चांगली दिसेल, तिला मजा येईल, म्हणून. पुढे बसणारा हा होडीचे डोळे असतो, आणि त्या डोळ्यांना आम्ही बोलायची भाषाच दिली नव्हती.

पुढच्या काही सेकंदांत बहिणीने उलटं वल्हवायला सुरुवात केली, भाऊ सुलट वल्हवत होता. होडी आडवी झाली आणि आडवीच झाडावर गेली.

होडी आडवी धडकली की शरीर आपोआप झाडापासून दूर, म्हणजे वरच्या प्रवाहाकडे कलतं. होडीची तीच कड खाली जाते आणि नदी आत शिरते. करायचं असतं नेमकं उलट. झाडाकडे झुकायचं, अक्षरशः त्याला मिठी मारायची. मग वरची कड उचललेली राहते, पाणी तळाखालून जातं आणि विचार करायला अर्धा मिनिट मिळतो. दोघेही वरच्या बाजूला कलले. मैत्रिणीने मागून पाहिलं. ती म्हणते, दोन श्वासांत होडी भरली. अशा कॅनूत चार-पाचशे लिटर पाणी सहज मावतं, आणि ते वाहतं पाणी असतं.

भाऊ बाहेर पाण्यात फेकला गेला तो खोडाच्या अगदी जवळ, वरच्या प्रवाहाच्या बाजूला. इथे त्याने एक गोष्ट बरोबर केली आणि ती ठरवून केली. वाहत्या पाण्यात पडल्यावर उताणं व्हायचं, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवायचे, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, हा नेहमीचा नियम. उभं राहिलं तर पाय दगडात अडकतो आणि प्रवाह माणसाला तोंडावर पाडून दाबून धरतो. पण समोर झाड असेल आणि चुकवणं शक्य नसेल तर हा नियम उलटतो. पाय पुढे असतील तर तेच आधी फांद्यांखाली जातात. पालथं व्हायचं, डोकं पुढे, झाडाच्या दिशेने जोरात पोहायचं आणि पोहोचताच छाती खोडावर चढवायची. त्याने तसंच केलं. खरचटलं, पण तो वर आला.

बहीण अडकली. तिच्या जॅकेटच्या पट्ट्याचं लोंबतं टोक फांदीच्या बेचक्यात गुंतलं. डोकं आणि खांदे पाण्यावर, बाकी शरीर खोडाखाली ओढलं जात होतं. बंधाऱ्यावर पट्टे घट्ट केले होते. उरलेलं टोक आत खोचायला कुणी सांगितलं नव्हतं. जॅकेटने तिला तरंगत ठेवलं. त्याच जॅकेटच्या चार बोटं पट्ट्याने तिला धरूनही ठेवलं.

सहा मिनिटं

मैत्रिणीने कॅनू आडवी होताना पाहिलं आणि लगेच उजव्या काठाच्या एडीत शिरली. एडी म्हणजे काठाच्या किंवा दगडाच्या आडोशाला तयार होणारं, थांबलेलं किंवा हळू उलटं वाहणारं पाणी. नदीवर उभं राहायची जागा हीच. तिने शिट्टीचे तीन लांब आवाज दिले, म्हणजे संकट. कयाक काठावर ओढली, दोरीची पिशवी आणि चाकू घेतला आणि काठाने झाडाच्या बुंध्याकडे आली.

ती पाण्यात उतरली नाही. वाचवायला जाणाऱ्याचा क्रम ठरलेला असतो: आधी बोला, मग हात किंवा काठी पोहोचवा, मग दोरी फेका, मग होडीने जा, आणि स्वतः पाण्यात उतरणं अगदी शेवटी. ती बुंध्यावरून बोलली. भावाला म्हणाली, "तिच्या जॅकेटच्या दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धर. ओढू नकोस. फक्त तोंड वर ठेव." बहिणीला म्हणाली, "माझ्याकडे बघ. श्वास सोड. सोड आधी." ही सूचना मला फार मोलाची वाटते. थंड पाण्यात पडल्यावर पहिला मिनिट श्वास आपल्या ताब्यात नसतो, धाप लागते आणि माणूस पाणी आत ओढतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हा क्रम १-१०-१ अशा आकड्यांत रूढ केला: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय नीट चालण्याची, आणि साधारण एक तास शुद्ध हरपेपर्यंत. हे आकडे फार थंड पाण्याचे. त्या दिवशी पाणी १३ अंश होतं, तिथे मुदत थोडी लांबते, पण क्रम बदलत नाही.

मग ती खोडावरून पालथी सरकत आली. लोंबतं टोक हाताने चाचपून शोधलं. दाबाखाली ताणलेला पट्टा सुटत नसतो, त्यामुळे गाठ-बकल सोडवण्याच्या नादी न लागता तिने चाकूने तो कापला. दोघांनी मिळून बहिणीला वर घेतलं, प्रवाहाच्या विरुद्ध न ओढता सरळ वर.

मी काय केलं? तीन शिट्ट्या ऐकल्यावर उजव्या काठाला लागलो आणि झाडाच्या खालच्या बाजूला, काठावर उभा राहिलो. बहीण सुटून खाली वाहत आली असती तर तिला गाठायला कुणीतरी तिथे हवं होतं. पण दोरीची एकच पिशवी होती आणि ती वर होती. माझ्या हातात एक लांब फांदी होती. कॅनूतलं एक वल्हं आणि कोरड्या कपड्यांची पिशवी वाहत आली, ती मी धरली. त्या सहा मिनिटांत माझा उपयोग इतकाच झाला.

काठावर आल्यावर बहिणीला कोरड्या कपड्यांची पिशवी दिली. तिची बोटं पिशवीचं बकल दाबू शकली नाहीत. तिने तीनदा प्रयत्न केला, मग पिशवी मांडीवर ठेवून ती नुसती त्याकडे बघत राहिली. हवा ऊबदार होती, ऊन होतं, आणि सुती सदरा सकाळी अगदी योग्य वाटला होता. कपडे हवा बघून घालायचे नसतात, पाणी बघून घालायचे असतात. आम्ही तिचे ओले कपडे काढले, कोरडे घातले, वाऱ्याच्या आडोशाला बसवून कोरड्या कपड्यांत गुंडाळलं. हातपाय चोळले नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी ती थरथरायची थांबली आणि पहिलं वाक्य बोलली, "दादा, मी उजवीकडे झाड म्हणाले होते."

कॅनू खोडाभोवती वाकून बसली होती. भावाला ती तेव्हाच काढायची होती. मी नको म्हणालो, आणि त्या दिवसातला माझा हा एक निर्णय मला आजही पटतो. थकलेली, ओली माणसं ताणलेल्या दोराजवळ नकोत. किलोमीटरभर खाली पुलापाशी बाहेर पडायची मधली जागा होती, ती सकाळी नकाशावर पाहून ठेवलेली. काठाने चालत तिथे गेलो. तीन दिवसांनी पाणी उतरल्यावर होडी काढली. दोन कप्प्यांमधून दोर फिरवून ताकद तिप्पट करायची जुळणी केली. घर्षणात त्यातलं बरंच जातं, तरी चौघांना पुरलं. होडी प्लास्टिकची, तिने बराचसा आकार परत घेतला. मधे एक घडी कायमची राहिली. झाडाची जागा मार्गाची देखभाल करणाऱ्यांना फोटोसह कळवली.

आता काय करतो

पातळी ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर निघत नाही. घाटावर त्यावर चर्चाही करत नाही, मर्यादा आदल्या रात्रीच ठरवतो. पहिल्या तासाभरात अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचलो तर थांबून पुन्हा विचार करतो. दोरीच्या पिशव्या दोन, एक पुढे आणि एक मागे. पट्ट्यांची टोकं आत खोचलेली. पण मुख्य बदल एकच: पलीकडचं दिसत नाही असं प्रत्येक वळण आता आमच्यासाठी बंधाऱ्यासारखं आहे. नकाशावर खूण असो वा नसो, वळणाआधी आतल्या बाजूच्या एडीत सगळे थांबतात. पुढचा एक जण उतरून चालत जातो, बघतो, आणि वाट मोकळी दिसली तरच वल्हं उभं धरतो. १९ किलोमीटरांच्या त्या टप्प्यात अशी अकरा वळणं निघाली. थांबत गेलं की दीड तास जास्त लागतो.

दोन महिन्यांनी आम्ही चौघे पुन्हा तिथे गेलो. पट्टीवर ०.८ मीटर. अकराव्या किलोमीटरला वाळूच्या पट्ट्याशी थांबलो. बहीण म्हणाली, मी जाते. ती पट्ट्यावरून चालत वळणापर्यंत गेली. आम्ही एडीत होड्या धरून तिच्याकडे बघत होतो. उजव्या काठाला झाड नव्हतं, फक्त खचलेल्या मातीचा लाल खड्डा होता. मधल्या पावसात नदीने ते उचलून नेलं होतं. तिने वल्हं उभं धरलं नाही. आणखी चाळीसेक पावलं पुढे गेली, पाण्याच्या कडेला वाकून खालपर्यंत पाहिलं. मग शिट्टी ओठांत धरून एकदा वाजवली आणि वल्हं डोक्यावर आडवं धरलं.